लेग गार्ड आणि आमची काटकुळी गाडी

राजूर, रविवार सकाळ

तीर्थस्वरूप मामांना,

भागवतचा वाकून नमस्कार. (मनानंच वाकतोय, गाडीखाली आडवं होऊन होऊन कंबर धरली आहे.) आम्ही इथे खुशाल आहोत. तुमची तब्येत कशी आहे? सासूबाईंचा गुडघा आता मांडी घालू देतो का? पुणतांब्याला ऊन वाढलं असेल. इथे अजून पहाटे गोधडी लागते.

तुम्ही पाठवलेला लेग गार्ड टेम्पोतून सुखरूप पोचला. ‘हा बसवल्याशिवाय माझ्या लेकीला गाडीवर बसवायचं नाही’ ही ताकीदही पोचली, आणि आरती ती तुमच्यापेक्षा कडक पाळते. इथल्या जवळच्या अकोल्याच्या लग्नाला ती एसटीनं गेली आणि तिची पिशवी हँडलला अडकवून मी एसटीच्या मागून गाडीवर. (रोजनिशीत ‘सगळे वऱ्हाडी हसले’ असं लिहिलं होतं, नंतर खोडून ‘बरेच’ केलं.) पुणतांब्याला तरी जोडीनं गाडीवर यावं, म्हणून मी गार्डाच्या मागे लागलो.

लोखंड अस्सल आहे, पण ते कुठल्यातरी दणकट गाडीचं. माझी गाडी काटकुळी. क्लॅम्प तिच्या नळीभोवती बांगडीसारखा फिरायचा. अंगद वेल्डर म्हणाला, “सर, गार्डाचा काई दोष न्हाई. गाडीच लई बारकी हाय. तिला जरा खायला घाला.” हार्डवेअरच्या दुकानात नळाचे क्लॅम्प मिळाले, तेही एक तर ढिले नाही तर तोकडे. शेवटी पत्र्यावरच्या डिशचा क्लॅम्प डोळ्यांत भरला. (आईला विचारलं होतं का? होतं. ती डुलकीत होती आणि ‘व्हय’ म्हणाली. याला परवानगी म्हणावी का, यावर मी रोजनिशीत बरंच लिहिलंय. निकाल लागलेला नाही.) डिशनं शेजारच्या गोठ्याकडे तोंड फिरवलं. आई म्हणाली, “आरं, त्या गाडीनं माझा टीव्ही गिळला!” खालचा बोल्ट आखूड पडला, तर फवारणी पंपाचा लांब बोल्ट काढला. तो जास्तच लांब, म्हणून मधल्या फटीत घालायला पडद्याच्या रॉडचा तुकडा कापला. आता पडदा अर्धीच खिडकी झाकतो. आरती एवढंच म्हणाली, “दाराची कडी राहिलीय. ती पण घ्या की.”

पण गार्ड बसला! अंगदनं त्याला लाथ घालून पाहिली. “आता गाडी मोडंल, गार्ड मोडायचा न्हाई.” मी रोजनिशीत ‘पूर्ण यश’ लिहिलं आणि बाजारात निघालो.

डिशच्या क्लॅम्पमुळे गार्ड डाव्या अंगाला पुढे कलला होता. हँडल डावीकडे वळवलं की पुढचा मडगार्ड त्याला अडायचा. म्हणजे गाडी सरळ जायची, उजवीकडे वळायची, डावीकडे मात्र नाही. घरचं वळण डावीकडे! तीनदा उजवीकडे वळलं की माणूस डावीकडे पोचतो, हे कागदावर खरं आहे. पण तिसरी गल्ली टेम्पोनं अडवलेली. मी देवळाभोवती फिरत राहिलो. (देव उजव्या हाताला राहिला, तेवढी प्रदक्षिणा शास्त्रोक्त झाली.) चहावाला ओरडला, “भागवत सर, निवडनुकीला उभं राहिलात का?” शेवटी उतरून, गाडी उचलून डावीकडे तोंड केलं. उरलीसुरली कंबर तिथे गेली.

तरी तुमच्या मायेबद्दल मनापासून आभार. सासूबाईंना नमस्कार.

आपला,
भागवत

ता. क. गार्ड परत आणतोय. हा तुमच्या मायेचा अपमान होईल का, असा खूप विचार केला. थोडा होईल.

आणखी ता. क. पत्र आरतीनं वाचलं. म्हणाली, “मुद्दा सोडून सगळं लिहिलंत.” मुद्दा असा, की सासूबाईंनी काल फोनवर सगळं सांगितलं. गुरुवारी तुम्ही कालव्याच्या कडेला घसरलात, गाडी नडगीवर आली, आणि आम्हाला कळवायचं नाही असं बजावलंत. गार्ड तुमच्याच गाडीचा काढून पाठवला होतात, हेही त्यांनीच सांगितलं. आरती म्हणाली, “माझ्या अण्णांना लिहा, शनिवारपर्यंत गाडीला हात लावायचा न्हाई.” शनिवारी एसटीनं येतोय. पाना मी आणतोय. बोल्ट ती आवळणार आहे. मी आवळलेल्यावर तिचा भरवसा उरलेला नाही.