रुखमाबाईचं लांब बाह्यांचं पोलकं

मी, पुंजाजी नारायण अंभोरे, वय ७१, राहणार उंद्री, ता. चिखली, जि. बुलढाणा, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर, कोणी न सांगता, कोणी न धमकावता लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर आहे. असायला हवं होतं तेव्हा नव्हतं.

१. राहतं घर आणि मागचा गोठा माझी एकुलती एक मुलगी वंदना हिला. ती सहा वर्षं माझ्याशी बोलत नाही. ते बरोबरच आहे. तरी घर तिचंच.

२. पितळी डब्यात घोड्याच्या शेपटीचे केस आहेत. त्यांनी आवळून मी चाळीस वर्षं लोकांच्या चामखिळी आणि गाठी पाडल्या, एक पैसा न घेता. पुतण्या गजेंद्रला हा डबा हवा आहे, कारण त्याला माझा मान हवा आहे. डबा त्याला देऊ नये. केस माझ्या सरणावर टाकावेत. गजेंद्रला माझी मोपेड. कोणी गाठ घेऊन आलाच, तर त्याला मागे बसवून दवाखान्यात न्यावं.

३. याचं कारण. माझी पत्नी रुखमाबाई हिच्या डाव्या दंडावर वाटाण्याएवढी गाठ आली. वंदना म्हणाली, "बाबा, आईले बुलढाण्याले दाखवा." मी म्हणालो, "दुखते का? नाई ना? मंग चरबीची हाय." केस बांधला, वरचं बोंड गळलं, मी गावभर सांगत सुटलो. वर्षभरात गाठ त्याच जागी परत आली. परत बांधला. पुढे रुखमाबाई लांब बाह्यांचं पोलकं घालू लागली. मी विचारलं, "गेली?" म्हणाली, "हाव, गेली."

दवाखान्यात नेली तेव्हा फार उशीर झाला होता. डॉक्टर म्हणाले, हा दुर्मीळ कर्करोग, सुरुवातीला साध्या गाठीसारखाच दिसतो.

४. मला अग्नी वंदनाने द्यावा. नाही आली, तर तिला कोणी बोल लावू नये.

५. ते पोलकं वंदनाला. शेवटच्या आठवड्यात रुखमाबाई मला म्हणाली, "लोक आंगनात येऊन बसत. घरच्याच बाईची गाठ जाईना म्हटलं असतं, तं तुमचं नाव गेलं असतं." वंदना, हे तुला सांगायची मला लाज वाटली. डावी बाही उलटून पाहा. रक्त बाहेर दिसू नये म्हणून आतून जुन्या धोतराचं अस्तर आहे. धोतर माझंच आहे.

ठिकाण: उंद्री. दिनांक: ११ डिसेंबर २०२४.
सही: पुंजाजी नारायण अंभोरे

साक्षीदार:
१. अर्जुनराव, शेजारी.
२. वच्छलाबाई, शिवणकाम. अस्तर हिनेच लावलं. रुखमाबाईने गळ्याची शपथ घातली होती, म्हणून आजवर बोलली नाही.