काडतुसाचे फायदे-तोटे आणि तुमची बहीण

कोरेगाव, जि. सातारा
दसऱ्यानंतरचा रविवार

तीर्थस्वरूप दादासो यांना नाथाजीचा दोन्ही हात जोडून नमस्कार (सॅल्यूट ठोकणार होतो, पण सध्याची परिस्थिती बघता हात जोडलेलेच बरे).

इकडची खुशाली सांगायला घरात मी एकटाच असल्यामुळे ती लवकर आटोपते. गुडघा दुखतो, डाव्या कानात अजून शिट्टी वाजते आणि म्हैस माझ्या हाताला दूध द्यायला तयार नाही. तिकडं भामावहिनींचा दमा, तुमची शुगर आणि डाळिंबावरचा तेल्या रोग हे तिन्ही आटोक्यात असतील असं धरून चालतो. तुमची बहीण बनुबाई तुमच्याकडं सुखरूप पोचली हे तुमच्या साक्षीच्या मेसेजवरून कळलं. 'आत्या आलीय, मामा तुम्ही काय केलंत,' एवढाच मेसेज होता (त्याला मी अंगठा पाठवला, दुसरं काय पाठवणार). या जमान्यात पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. तर फोन लावला की तो नेमका तुमची बहीण उचलते आणि माझा आवाज ऐकला की ठेवते, आणि मोबाइलवर लिहावं तर साक्षी ते चौकात पेपर वाचल्यासारखं वाचते. म्हणून हा कागद. दिवाळीला शिवतेज सुटीवर येतोय. आई कुठं आहे म्हणून पोरानं विचारलं तर काय सांगायचं, याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

पण आधी तुमचं काम. पिस्तुलाचं लायसन मंजूर झालं तेव्हा तुम्ही विचारलं होतंत, "पाव्हणं, तुमी फौजेतलं माणूस. साधं बत्तीस घ्यावं का ते लय पळणाऱ्या गोळीचं तीस बोअरचं, तुमीच सांगा." नायब सुभेदार म्हणून रिटायर झालेल्या माणसाला असा प्रश्न कुणी विचारला की त्याची छाती आपोआप पुढं येते. त्यातून वडिलांचं जुनं बत्तीस ठाण्यात जमा करून मी स्वतः यंदाच तीस बोअरचं घेतलेलं. सांगलीचा दुकानदार ते काडतूस चिमटीत धरून मला दाखवत होता, सोनारानं नथीतला मोती दाखवावा तसं. गोळी सेकंदाला चारशे मीटरच्या वर जाते म्हणाला. मी म्हटलं, आम्हाला जायचंय कुठं. तो हसला नाही. मग मीही न हसता घेतलं.

फायदे आधी सांगतो, कारण ते खरे आहेत आणि मी खोटं बोलणारा माणूस नाही (या वाक्यावर पुढं यावं लागेल). ही गोळी सरळ जाते. बत्तीसची गोळी थोडं अंतर गेली की दमते आणि मान खाली घालते. ही दमत नाही. काडतूस सडपातळ, हाताला झटका बेताचा, तुमच्यासारख्या शुगरच्या माणसालाही झेपेल असा. आणि आवाज म्हणाल तर डाळिंबं चोरायला आलेला गडी गोळी न लागताच विट्यापर्यंत पळत सुटेल. एवढे फायदे आहेत आणि ते सगळे मी स्वतःच्या बैठकीत बसून अनुभवलेत.

तोटा एकच. या गोळीला थांबायचं कळत नाही. दुकानदार याला गुण म्हणतो, पण दुकानदाराला तुमच्या मळ्याची मांडणी ठाऊक नाही. चोर बांधावर उभा आहे असं समजा. चोराच्या मागं डाळिंबाची ओळ, ओळीच्या मागं ठिबकची टाकी, टाकीच्या मागं पॅकिंगची शेड, त्यात सांगोल्याकडच्या तोडणीच्या बाया निजलेल्या, शेडच्या मागं तुमचा बंगला आणि बंगल्यात हल्ली माझी बायको. बत्तीसची गोळी चोरापाशी नाहीतर डाळिंबापाशी विसावा घेईल. ही घेणार नाही. साध्या काडतुसाला आपण कुणावर नेम धरतो ते कळलं की पुरतं, या काडतुसाला त्याच्या पलीकडं कोण बसलंय तेही ठाऊक असावं लागतं. फौजेत पलीकडं कोण आहे हे वरचे लोक ठरवायचे, म्हणून मला कधी विचार करावा लागला नाही.

आता नवमीचं ऐका. तुमच्या बहिणीनं सांगितलं असेलच, पण ती रागात सांगते तेव्हा क्रम चुकतो. आमच्या घरची रीत तुम्हाला ठाऊक आहे. खंडेनवमीला कोयता, खुरपी, ट्रॅक्टरची किल्ली पाटावर मांडायची आणि मधोमध पिस्तूल. रिकामं हत्यार पुजायचं नाही हा आमच्या वडिलांचा दंडक. रिकामी ओटी देवीपुढं कुणी धरतं का, असं ते म्हणायचे. म्हणून एक काडतूस हळदीकुंकू लावून आत भरायचं आणि मग फूल वाहायचं. वडिलांच्या बत्तीसमध्ये वर्षानुवर्षं तेच एक काडतूस भरलं जाई आणि पुसून परत डबीत जाई. त्याच्यातली दारू माझ्या आधी रिटायर झाली असावी, त्यामुळं या रीतीनं कधी कुणाचं वाईट झालं नाही. यंदा पिस्तूल नवं, काडतूस नवं आणि हळदही तुमच्याच सांगलीची, ताजी. मी उत्साहानं जरा जास्तच माखली.

पूजा झाली. शेजारचा कोंडीबा आपला कोयता पूजेला घेऊन आला होता, तो नारळ फोडायला अंगणात गेला. बनुबाई स्वयंपाकघरात नैवेद्याच्या पोळ्या लाटत होती. गुडघ्यामुळं ती हल्ली बुटक्या स्टुलावर बसून लाटते. आमची बैठक आणि स्वयंपाकघर यांच्यामधली भिंत म्हणजे शिवतेजनं मागच्या वर्षी बसवलेलं प्लायवूड आहे, पण त्यावर रंग असा दिलाय की मीसुद्धा त्याला भिंतच समजतो. मी पाटापुढं मांडी घालून पिस्तूल रिकामं करायला घेतलं. मॅगझिन काढलं, स्लाइड मागं ओढली, काडतूस काही बाहेर पडलं नाही. म्हटलं भरायचंच विसरलो की काय. ते हळदीच्या चिखलात आतच चिकटून बसलं होतं. डोकावून बघितलं तर पिवळं काहीतरी दिसलं, पण त्या दिवशी घरात सगळंच पिवळं दिसत होतं आणि चष्मा देवघरात होता. मग तीस वर्षांच्या सवयीनं, ड्रिलचा शेवटचा भाग म्हणून, समोरच्या भिंतीकडं तोंड करून चाप ओढला.

दादासो, त्यानंतरचं मला नीट लिहिता येणार नाही, पण प्रयत्न करतो. आवाज एवढा झाला की त्यानंतर आवाज नावाची गोष्टच उरली नाही. कानात नुसती शिट्टी. अंगणात कोंडीबाचं तोंड हलताना दिसत होतं, ऐकू काही येत नव्हतं. मी बनू म्हणून हाक मारली असावी. माझीच मला ऐकू आली नाही. आतून उत्तर नाही. आलं असतं तरी कळलं नसतं हे मला आत्ता कळतंय, तेव्हा कळत नव्हतं. लग्न झाल्यापासून ही बाई जरा गप्प बसेल तर बरं, असं मी कितीदा म्हणालो असेन. त्या वेळी मी देवाला हात जोडून म्हणत होतो की बोलू दे, वाटेल ते बोलू दे, माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करू दे.

पुढचं थोडक्यात. ती दारात आली, हातात उलथनं, पदराला पीठ, अंगावर ओरखडासुद्धा नाही. तोंड चालूच होतं. ती काय म्हणाली ते कोंडीबानं मला नंतर सांगितलं, तेही गाळून. पण ती दारात आली तेव्हा मी कुठं होतो, तर प्लायवूडच्या भोकाला डोळा लावून वाकलेलो. कान थोडे उघडले तेव्हा तिनं विचारलं की गोळी कुठं गेली. मी म्हणालो, तुझ्या अंगाकडं आलीच नाही, प्लायवूडमधून तिरकी होऊन स्वयंपाकघराच्या खिडकीतून कोंडीबाच्या उसात गेली (कोंडीबा बिचारा अजून ऊस चाचपडतोय). एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण घाबरलेला माणूस बडबडतो. भोक बघ किती स्वच्छ पडलंय, एक सालपट निघालं नाही, असंही मी म्हणून गेलो. तेव्हा ती हळू आवाजात बोलली, आणि नेमकं तेच मला स्पष्ट ऐकू आलं.

"मी मेले का जित्ती हाय ते बघायच्या आधी तुमी भोक बघितलंत."

नैवेद्य दाखवला, मला वाढलं, स्वतः जेवली नाही आणि दुपारच्या एसटीनं निघाली. स्टँडवर मी पिशवी धरायला गेलो तर तिनं ती दुसऱ्या हातात घेतली. तेव्हापासून म्हैस आणि मी.

तर एकंदर विचार करता काडतूस चांगलं आहे, फक्त घरं पक्क्या भिंतीची असावीत आणि मालक जरा हुशार असावा. वहिनींना नमस्कार. साक्षीला आशीर्वाद, आणि परीक्षा जवळ आलीय तर मोबाइल कमी बघ म्हणावं.

आपला, सध्या स्वतःच्या हातचं खाणारा,
नाथाजी

ता. क. घेऊ नका. ना तीस, ना बत्तीस. डाळिंबाला कुत्री पाळा. माझं पिस्तूल मी परवाच ठाण्यात नेऊन दिलं, झाला प्रकारही सांगितला आणि लायसन नको म्हणून अर्ज केलाय. साहेब बराच वेळ बोलले. मी सावधान उभा राहून ऐकलं.

आणखी एक ता. क. कोंडीबाला ऊस चाचपडायचं बंद करायला सांगितलं आहे. आत्ता पत्र बंद करायच्या आधी दळणाला गहू काढायला गेलो तर स्वयंपाकघरातल्या पत्र्याच्या कोठीच्या अंगाला, टांगलेल्या पिशव्यांच्या आड, बोटभर भोक निघालं. गोळी गव्हात सापडली. तुम्हाला आठवत असेल तर त्या कोठीला पाठ लावूनच तुमची बहीण लाटायला बसते. तव्यावरची पोळी करपायला लागली म्हणून ती तेवढ्यात उलथनं घेऊन उठली होती.

शेवटचं, आणि हे तिला तुम्ही सांगा, कारण माझ्याच्यानं होत नाही. खिडकीचं मी तिथल्या तिथं बनवून सांगितलं. भोक बघायची मला हौस नव्हती. दार चार पावलांवर होतं आणि माझे पाय उचलत नव्हते, दारातून काय दिसेल याचं भ्या वाटत होतं. म्हणून मी भोकातून बघितलं. त्यातून सरळ तिचं स्टूल दिसत होतं, दादासो, आणि त्याच्यावर कुणी नव्हतं.