माझा मुंगूस यादीत नको!

३ मार्च
संपादकीणबाईंचा फोन. कुणा 'शेपूटवाल्या'चं पत्र आलंय म्हणे. मुलांच्या मासिकात मी तीस वर्षं काढलेला मुंगूस पोस्टमन — त्याला 'फरी' पात्रांच्या यादीत घ्यायचंय, परवानगी द्या! भाचीला विचारलं, हे काय नवीन खूळ? "मामा, गोष्टीतली माणसासारखी वागणारी जनावरं. ज्यांना आवडतात ते त्यांचे पोशाख शिवून घालतात."

पोशाखांचं मला सांगू नको म्हटलं! आमच्या चिरंजीवांनी त्यापायीच घर सोडलं. दोन वर्षं झाली. "जनावराचं मुंडकं घालून फिरण्यापेक्षा आधी माणूस हो," एवढंच म्हणालो होतो. खोटं कशाला लिहू — हसलोही होतो. पाहुण्यांसमोर.

४ मार्च
फरी म्हणजे केसाळ म्हणे. अंगावर केस असले की फरी? मग आमचा छपाईवाला पहिला! भाची म्हणते, केसांचं काही नाही, खवल्यांची मगरसुद्धा चालते. घ्या! नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. मग लागतं तरी काय? "दोन पायांवर चालणं, बोलणं, आणि मन माणसाचं." सर्कशीतलं अस्वलही दोन पायांवर चालतं! "पण पत्र उशिरा पोचलं म्हणून त्याला लाज वाटते का? तुमच्या मुंगसाला वाटते." कार्टी वकील व्हायची.

७ मार्च
शेपूटवाल्याला स्वतःच लिहिलं. चांगली दोन पानं! माझा मुंगूस सभ्य घरातला आहे, तुमच्या केसाळ तमाशात त्याला ओढू नका, काही कामधंदा बघा. टाकलं पेटीत. बरं वाटलं.

९ मार्च
टोपी घ्यायला गेलो. नेहमीचंच — एकही बसेना. दुकानदार म्हणतो, "काका, डोकं आहे की भोपळा?" मेला!

१२ मार्च
शेपूटवाल्याचं उत्तर. टाइप केलेल्या चार ओळी. "मुंगूस यादीतून काढला आहे. आमची कसोटी साधी होती. ज्या जनावराच्या आत शिरल्यावर एखाद्या घाबरलेल्या माणसाला धीर येतो, ते आमचं. त्रासाबद्दल क्षमस्व." वा रे पंडित! शिकवतोय कुणाला?

१९ मार्च
खोकं आलं. पाठवणाऱ्याचं नाव नाही. आत मुंगसाचं मुंडकं! हातशिलाईचं, गोल चष्मा, पोस्टमनची टोपी. आणि डाव्या कानावर पट्टी.

कानाला पट्टी बांधलेला मुंगूस मी एकदाच काढलाय. मुलाच्या कानाचं ऑपरेशन होतं, सात वर्षांचा होता, रडून आकांत करत होता. दवाखान्याच्या कागदामागे पेन्सिलीनं काढून दिला. कुठे छापला नाही. आम्हा दोघांखेरीज कुणी पाहिलेला नाही.

खोक्यावर टपालाचा शिक्का पाहिला. ५ मार्च. माझी दोन पानं त्यानंतर गेली. शेपूटवाला तोच; त्याच्याकडेच गेली. मूर्ख म्हातारा!

२० मार्च
सकाळी दार लावून मुंडकं घालून पाहिलं. बरोबर बसलं.