गोविंदकाकांची रेघ

सोम., ३ जुलै २००६
मालकांनी आज गोविंदकाकांना ड्रॉइंगवरून काढून स्टोअरला, सामानाच्या कोठारात, टाकायचं बोलून दाखवलं. सगळ्यांसमोर. ड्रॉइंगला फार वेळ लावतात, वय झालं, म्हणे. चेन्नईतल्या गिंडीच्या या कारखान्यातले सर्वांत जुने ड्राफ्ट्समन. तंजावरचे, माझ्याशी त्यांच्या घरच्या जुन्या मराठीत बोलतात. मालक गेल्यावर चष्मा पुसत बसले.

मंगळ., ४
मी मुद्दाम काकांशेजारी बसले. त्यांनी रेघ ओढली की कॉम्प्युटरच्या पडद्यावर उमटायला दहा-बारा सेकंद. हात कुठेही अडत नाही, मशीन अडतं. टास्क मॅनेजर उघडला. अँटिव्हायरसचं स्कॅनिंग जवळजवळ सगळा प्रोसेसर खाऊन बसलंय. ते बंद करायचं नाही, मालकांची सक्त ताकीद.

गुरु., ६
अतिशहाणपणा नडला. ड्रॉइंगच्या प्रोग्रॅमला सर्वांत वरची प्रायॉरिटी दिली, तर माउससकट सगळं ठप्प. काकांचं सकाळपासूनचं काम गेलं. एवढंच म्हणाले, "पुन्हा काढतों." रागावले असते तर बरं वाटलं असतं.

शनि., ८
छोटंसं, फुकटचं एक सॉफ्टवेअर मिळालंय. एखादा प्रोग्रॅम प्रोसेसर अडवून बसला की त्याची प्रायॉरिटी आपोआप खाली आणतं, मग पूर्ववत. मालकांना विचारून आधी माझ्या मशीनवर टाकलं. दिवसभर नीट चाललं. तरी धाकधूक आहेच.

सोम., १०
काकांच्या मशीनवर टाकलं. स्कॅनिंग चालू, आणि रेघ हाताबरोबर. पंपाच्या कव्हरचं ड्रॉइंग जेवायच्या आधी पूर्ण! मला संध्याकाळ झाली असती. एकही माप चुकलेलं नाही, दोनदा तपासलं. काकांनी माउस बाजूला ठेवला. मग हळूच म्हणाले,
"मीच मंद झालों असें वाटत होतें."
सॉफ्टवेअर शोधल्याचा अभिमान आहेच, खोटं कशाला लिहू. पण त्याहून जास्त त्या हाताचा.

मंगळ., ११
मालकांना काकांच्या टेबलाशी नेलं. उभे राहून बघत होते, बरीच मिनिटं. मी इंग्रजीत म्हटलं, "सर, वेळ मशीनला लागत होता. यांना नाही." बाकीच्या मशीन्सवरही ते सॉफ्टवेअर टाक म्हणाले. काकांच्या स्टोअरचं काय, विचारलं, तर म्हणे, शुक्रवारी बोलू.
काकांनी तोवर पुढच्या ऑर्डरचं ड्रॉइंग उघडलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं.