आल्ता, गेल्ता

आबा,

तुम्हाला जाऊन तीस वर्षं झाली. या काळात मी वकील झाले, न्यायाधीश झाले, आणि गेली तीन वर्षं देशाबाहेरच्या एका कोर्टात होते. तिथल्या लढाईत गावंच्या गावं मारली गेली होती. त्याचे खटले चालवायला निरनिराळ्या देशांतून न्यायाधीश बोलावले होते, त्यांत मी एक. मागच्या महिन्यात ते काम संपवून परत आले. जालन्यात सत्कार झाला. भाषणात कुणीतरी म्हणालं, मेंढपाळाची लेक जगाचा न्याय करून आली. मी हात जोडून बसले होते. तुम्ही असता तर लोकांनी तुम्हाला पुढच्या रांगेत बसवलं असतं, आणि मला तुमच्याकडे बघता आलं नसतं. ते का, हे आज लिहायचं आहे.

एक्क्याऐंशी सालचा उन्हाळा. मी दहावीची परीक्षा देऊन घरी होते. वडीगोद्रीच्या पुढे ज्या मालकाच्या रानात आपली मेंढरं बसायची, त्याचा धाकटा भाऊ विहिरीजवळ डोकं फुटून मेलेला सापडला. चार दिवस आधी त्यानं आपल्या सालगड्याला, बैल लंगडा केला म्हणून, दहा लोकांसमोर चपलेनं मारलं होतं. तो सालगडी तुमचा लहानपणापासूनचा सोबती. मी त्याला काका म्हणायचे. पोलिसांनी दुसऱ्याच दिवशी त्याला उचललं. तुम्ही त्या दुपारी मेंढरं पाजायला त्याच विहिरीवर गेला होता, म्हणून हवालदार जबाब घ्यायला आपल्या वस्तीवर आला. मला सगळं दिसतं. आई चुलीपुढे भाकरी थापतेय, हवालदार बाजेवर बसलाय, गुडघ्यावर कागद. तुम्ही उंबऱ्याशी उकिडवे बसून सांगताय, "म्या मेंढरं घिऊन गेलो, तव्हा मालकाचा भाऊ इहिरीवरच्या मोटारीपाशी बसला व्हता. चांगला बोलला माझ्यासंगं. गडी आल्ता, बैल पाजून गेल्ता."

हवालदारानं लिहिलं, झरझर. मग त्यानं माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, शिकती का ही? तुम्ही मोठ्या अभिमानानं दहावी सांगितलं. तेव्हा तो म्हणाला, मंग हिलाच वाचून दावू दे. मी कागद घेतला. त्यावर होतं, 'मी गेलो तेव्हा मयत इसम मोटारीजवळ बसलेला होता. गडी तेथे आला व बैलास पाणी पाजून गेला.' मी ते मोठ्यानं, शाळेत धडा वाचतात तसं वाचलं. तुम्ही आल्ता म्हणाला होता आणि कागदावर आला होतं, हे मला दिसलं होतं. पण आमच्या मराठीच्या बाई माझ्या निबंधातले आल्ता-गेल्ता लाल शाईनं खोडायच्या आणि वर आला, गेला लिहायच्या. मला वाटलं, हवालदारानंही तेच केलं. तुमचं बोलणं त्यानं शुद्ध करून घेतलं. त्याचं मला बरंच वाटलं.

तुम्ही विचारलं, "बराबर हाय का?"

मी म्हणाले, "बराबर हाय."

तुम्ही अंगठा दिलात. पोलिसांच्या जबाबावर अंगठा घ्यायचाच नसतो, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं.

खटला पुढच्या साली उभा राहिला. काकू, म्हणजे काकाची बायको, आणि मी शेवटच्या बाकावर बसलो होतो. तुम्ही पिंजऱ्यात उभे राहून तेच बोललात, गडी आल्ता, गेल्ता. सरकारी वकिलानं दोनदा नीट विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, साहेब, मी जायच्या आधीच तो येऊन गेल्ता. त्यावर वकिलानं तुम्हाला फितूर ठरवायची परवानगी मागितली आणि कागद काढला. पोलिसांना तुम्ही सांगितलं की तुम्ही विहिरीवर पोचल्यावर गडी आला, आता दोस्ताला वाचवायला साक्ष फिरवता का, असं तो विचारत होता. तुम्ही गोंधळलात. त्यानं पुन्हा विचारलं, हा कागद चुकीचा आहे का? तुम्ही मान वळवून मला शोधलंत.

"माझ्या लेकीनं वाचून दावलाय त्यो," तुम्ही म्हणालात. "ती चुकीचं वाचायची न्हाई. कागद बराबरच असंल."

सगळं त्याच घटकेला माझ्या ध्यानात आलं. तुमच्या आधी येऊन गेलेला काका एका अक्षरानं तुमच्या नंतर आलेला झाला होता, मेलेल्या माणसाला शेवटचा भेटलेला. उठून ओरडावं, मला माहीत आहे म्हणून सांगावं, असं वाटलं आणि मी बसून राहिले. काळ्या कोटांची भीती होती. पण त्याहून जास्त भीती ही, की तुम्ही एवढ्या लोकांत माझ्या वाचण्यावर भरवसा टाकलात आणि तो तिथल्या तिथे खोटा पडेल. काकाला जन्मठेप झाली. परतीच्या एसटीत तुम्ही काकूला बसायला जागा दिलीत. ती बसली नाही. वडीगोद्रीपर्यंत दांड्याला धरून उभी राहिली. तिसऱ्या वर्षी जेलात कावीळ होऊन काका गेला. त्या विहिरीकडे तुम्ही पुन्हा मेंढरं नेली नाहीत.

मी कायदा शिकावा हे तुम्हीच ठरवलंत. औरंगाबादला पोचवायला निघालात तेव्हा अंबडच्या स्टँडवर, गाडी लागलेली असताना, तुम्ही हळूच विचारलंत, "तू तव्हा बराबर वाचलं व्हतं ना?" मी हो म्हणाले. तुम्ही मान हलवलीत आणि माझी पेटी टपावर चढवायला गेलात. पुढच्या हिवाळ्यात तुम्ही गेलात. तोपर्यंत तुम्ही पुन्हा विचारलं नाही.

पुढे वीस वर्षं मी साक्षी ऐकल्या. जाफराबादकडची म्हातारी असो की अंकुशनगरचा ऊसतोड्या, साक्षीदार बोलेल तेच शब्द घ्या, असं मी लिहिणाऱ्याला बजावायचे. कारकून वैतागायचे. वकील म्हणायचे, मॅडम फार वेळ खातात. परदेशातही माझी तीच ख्याती झाली. तिथे एक अधिकारी आरोपी होता. त्याच्या माणसांनी एका गावातले अकरा पुरुष गोठ्यात कोंडून मारले होते. एका म्हातारीचे दोन मुलगे त्यांत गेले. तीच एकटी साक्षीदार. ती डोंगरी बोलीत बोलायची, दुभाषा शहरातला तरुण. माझ्या कानात त्याचं इंग्रजी येत होतं, अधिकारी आला, माणसांशी बोलला. तिचं म्हणणं वाचून दाखवलं तेव्हा म्हातारी तेच वाक्य पुन्हा बोलली, जरा चिडून, आणि दुभाषानं पुन्हा तेच भाषांतर केलं. तिची भाषा मला येत नाही, आबा. पण ते चिडणं मला ओळखीचं होतं.

मी हात वर करण्याआधी थोडी थांबले. विचारलं नाही तर त्या अधिकाऱ्याला शिक्षा होईल, हे मला दिसत होतं. मग मी दुभाषाला म्हणाले, ती जशी बोलली तसं सांग. तो ओशाळला. म्हणाला, डोंगरात क्रियापदाला एक शेपूट लावतात, आम्ही शहरात ते सोडून देतो. अर्थ काय, मी विचारलं. तो म्हणाला, आला होता. येऊन गेला होता. मी म्हातारीला विचारायला सांगितलं, गोळ्या सुटल्या तेव्हा अधिकारी तिथे होता का? ती म्हणाली, नाही, तो सकाळी येऊन गेला होता.

त्यानं जाताना हुकूम दिला असेल. बहुतेक दिलाच असेल. पण तसा पुरावा दुसरा नव्हता. त्या अकरा माणसांच्या आरोपातून तो सुटला, आणि बाकीच्या गुन्ह्यांना जी शिक्षा झाली त्यातली निम्मी त्यानं आधीच भोगली होती. साक्ष संपल्यावर वकिलांची कुजबुज ऐकून म्हातारीला काहीतरी समजलं. तिनं दुभाषामार्फत विचारलं, "मी खरं सांगितलं म्हणून तो सुटणार का?" न्यायाधीशानं साक्षीदाराला असं उत्तर द्यायचं नसतं. शिपायानं तिला हाताला धरून बाहेर नेलं.

माझ्याबरोबरचे न्यायाधीश म्हणाले, तुम्ही केलंत तेच योग्य. निकालपत्रात मी तेच लिहिलं, चाळीस पानं. पण काकाचं देणं मी तिच्या दोन मुलांच्या न्यायातून फेडलं की काय, हे मला अजून कळत नाही.

काकू जिवंत आहे. वस्तीवरच राहते, एका डोळ्यानं दिसत नाही. परत आल्यापासून मी दोनदा तिकडे गेले. दोन्ही वेळा वस्तीच्या वळणावर गाडी थांबवली, उतरले नाही, आणि ड्रायव्हरला माघारी वळवायला सांगितलं. खरं म्हणजे हे सगळं तिला सांगायचं आहे. तुम्हाला लिहायला बसले, कारण तुम्ही आता काही विचारणार नाही.