तिसऱ्या रांगेतलं शेवटचं मशीन

१४ ऑक्टोबर, मंगळवार

आज पहिल्यांदा सगळी लॅब एका दमात झाली. जेवणाच्या सुट्टीत सर्व्हरवरून पाठवलं, मुली डबे खाऊन परत आल्या तर सगळ्या स्क्रीन सारख्या. पेनड्राइव्ह घेऊन एकेका मशीनपाशी बसणं नाही, कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्या भरतभाईंची वाट पाहणं नाही. माझा डबा तसाच राहिला. पूर्ण वेळ निळ्या पट्ट्या सरकताना बघत उभी. एखादी मध्येच अडकली तर, एवढंच डोक्यात.

ट्रस्टी हसमुखभाई डोकावले. "आ शुं जादू छे?" सांगितलं, एक मशीन नीट तयार करायचं, त्याची प्रत सर्व्हरवर ठेवायची, मग तीच प्रत वायरीतून सगळ्यांवर. आधीचं असेल ते पुसलं जातं. सॉफ्टवेअर मोफत आणि कायदेशीर. त्यांनी 'मोफत' ऐकलं. मला 'कायदेशीर' ऐकवायचं होतं. उधन्याच्या लूमवस्तीतून मुली साडीचं डिझाईन शिकायला येतात, त्यांच्या हातात पहिल्याच दिवशी चोरीचं सॉफ्टवेअर द्यायचं? मला नाही पटत. हे कोणाला सांगितलं की हसतात.

१६ ऑक्टो., गुरु.

जयेशसरांना परत विचारलं. डिझाईन तेच शिकवतात, आणि संस्थेत एकट्या त्यांच्याच केबिनमध्ये अजून भरतभाईंनी घातलेलं चोरीचं सॉफ्टवेअर. म्हटलं, सर, आधी तुमच्या सगळ्या फाइलींची कॉपी काढते, मग नवीन घालते.

"बेन, तुं आखी दुनिया सुधार. मारामां हाथ नहीं लगाडती."

माझ्याला हात लावू नकोस, हे हसत म्हणाले. मीही हसले. पण मी चिडले होते. जिन्यावर स्वतःशीच काहीतरी बोलले, ते कांतीभाई शिपायांनी ऐकलं बहुतेक.

त्यांचंही बरोबर असेल. मिलमध्ये होते तेव्हापासूनच्या सगळ्या बॉर्डर, बुट्टे, पदर त्याच मशीनमध्ये आहेत. मूळ कागद खाडीपुरात गेले, त्याआधी स्कॅन केलेलं तेवढं उरलं. म्हणूनच तर कॉपी हवी ना. असो.

१९ ऑक्टो., रवि.

घरी चकल्या. पप्पांनी शेजारच्या काकांना परत तेच ऐकवलं, "मनी पोर एक बटन दाबस, आन् सगळा कॉम्प्युटर तयार!" काका म्हणाले, मग लूमवाल्यांनाही एक बटन बसवून दे म्हणावं, आम्ही घरी झोपतो. सगळे हसले. पप्पांच्या चेहऱ्याकडे पाहवेना इतके खूश. घरातली पहिली ग्रॅज्युएट म्हणून मी काहीही केलं तरी त्यांना ते मोठंच वाटतं. त्याची भीती वाटते कधीकधी.

२० ऑक्टो., सोम.

चोपडा पूजन, म्हणजे दिवाळीची वहीपूजा. हसमुखभाईंच्या मते आता हिशेब कॉम्प्युटरमध्ये, म्हणून पूजाही कॉम्प्युटरची. तीही एकदोन मशीनची नाही, संस्थेतल्या सगळ्यांची. कांतीभाई आणि मुलींनी सगळे सीपीयू पुसून हॉलमध्ये पाटांवर मांडले. काळे डबे ओळीने, प्रत्येकावर कुंकवाचा साथियो, म्हणजे स्वस्तिक, वर नाडाछडीचा लाल दोरा, फूल. सगळे एकाच वेळी घेतलेले, एकसारखे. छान दिसत होते. फोटो काढला.

महाराज म्हणाले, आतलं खातं भरभराटीला येवो.

सीपीयू परत जागेवर लावायला मी थांबले नाही. बस गर्दीची होईल म्हणून निघाले. आता लाभपाचमपर्यंत सुट्टी.

२७ ऑक्टो., सोम.

लॅब उघडली. नवी बॅच येतेय, उद्या नवी इमेज, म्हणजे ती तयार प्रत, पाठवायची. एक अडचण. सर्व्हर प्रत्येक मशीन त्याच्या नेटवर्क कार्डच्या नंबरवरून ओळखतो. यादीतलं एक मशीन उत्तर देत नाही, आणि तिसऱ्या रांगेतलं शेवटचं मशीन सर्व्हर ओळखत नाही. सरळ आहे, कार्ड बदललंय. मागेही भरतभाईंनी न सांगता एक बदललं होतं. कितीदा सांगायचं त्यांना.

२८ ऑक्टो., मंगळ.

तिसऱ्या रांगेतल्या मशीनची नव्याने नोंद केली. सुरू होतानाच नेटवर्कवर वळवलं, यादीत जुनंच नाव दिलं. मग सगळ्यांना एकदम पाठवलं. अडचण नाही. यावेळी डबाही खाल्ला.

२९ ऑक्टो., बुध.

लिहिता येत नाहीये नीट.

ज. सर आज गावाहून आले. केबिनमधून हाक मारली, "बेन, मारा मशीनमां तमारुं केम चाले छे?" पाहिलं तर त्यांच्या टेबलावर लॅबचा डेस्कटॉप, जुन्या इमेजचा. मला हसू आलं. म्हटलं, सर, पूजेनंतर सीपीयू बदलले गेले, हे लॅबचं आहे. तुमचं लॅबमध्ये असणार, आणून देते.

लॅबच्या दाराशी पोचले आणि कळलं. तिसऱ्या रांगेतलं शेवटचं.

एकदा, एकदाच आत जाऊन पाहिलं असतं तर. चालू करून फक्त डेस्कटॉप.

परत केबिनमध्ये जाऊन तिथेच सांगितलं. सर, काल मी त्यावर नवी इमेज घातली. त्यांना आधी कळलं नाही. मग विचारलं, "एटले गयुं?" मी मान हलवली. ते बसले. रागावले असते तर बरं झालं असतं. मग एवढंच, "कागळ तो खाडीमां गया'ता."

मशीन लगेच बंद केलं. आता त्यावर काहीही लिहिलं जाता कामा नये. एवढी अक्कल आज.

३० ऑक्टो., गुरु.

हसमुखभाईंच्या खोलीत. भरतभाई आधीच बसलेले, चहा पीत. "मेडम, मारी पेनड्राइव्हथी कदी कोईनुं गयुं?" त्यांच्या पेनड्राइव्हने गेलेलं मला माहीत नाही.

हसमुखभाई ओरडले नाहीत. सर्व्हर तूर्त बंद, म्हणाले. नवी बॅच १५ नोव्हेंबरला, तोवर ठरवू, ठेवायचा की काढायचा. मग भरतभाईंकडे पाहून, "जयेशभाई कहे एम."

म्हणजे ज. सरांच्या शब्दावर. त्यांच्याच.

डिस्क फाइली परत मिळवून देणाऱ्याकडे दिली. तो म्हणाला, सांगता येत नाही.

घरी पप्पांना सांगावं लागलं, मी जेवत नव्हते म्हणून. "कसाले रडस? पुसाई गयं ते परत लिखी ले ना." आई म्हणाली, तुम्ही गप्प बसा हो. मग तिनंच हळूच विचारलं, "नोकरी जाई का तुनी?"

१ नोव्हें., शनि.

आज ज. सर जिन्यात थांबले. कांतीभाईंनी सांगितलंच त्यांना, मी त्या दिवशी जिन्यावर पुटपुटले होते ते. सरळ विचारलं, "तुं मारा पर गुस्से हती?"

म्हटलं, चिडले होते सर. पण त्या मशीनला तुमचं म्हणून हात लावला नाही. मला माहीत नव्हतं ते तुमचं आहे.

"सारुं," म्हणाले आणि वर गेले.

सारुं म्हणजे काय? पटलं म्हणून की पुरे म्हणून? दिवसभर तेच. त्यांना वाटत असेल का, की मुद्दाम? सगळ्यांचं सुधारलं, एक माणूस ऐकेना, म्हणून. बाहेरून पाहिलं तर तसंच दिसतं. मीच त्यांच्या जागी असते तर मलाही तसंच वाटलं असतं.

४ नोव्हें., मंगळ.

लॅबमध्ये हाताने काम. भरतभाई एकेका मशीनवर पेनड्राइव्ह लावतात, मध्ये फोनवर बोलतात. मला म्हणाले, "मेडम, तमे बेसो, आराम करो." बसले. एका मुलीने विचारलं, दीदी, तो सर्व्हरवाला कॉम्प्युटर का बंद? सांगितलं, माझ्या हातून एक चूक झाली. ती म्हणाली, तर मग तुम्ही बंद व्हायचं, तो कशाला? मैत्रिणी खिदळल्या. मलाही हसू आलं, खूप दिवसांनी. मग नाही आलं.

खरं सांगायचं तर मलाच आता सर्व्हर नको वाटतो. इमेज, यादी, सगळं बरोबर होतं. यादीतल्या त्या रिकाम्या पट्टीत नाव मी टाकलं. तो काय, सांगितलं ते करतो. पुन्हा तसं बटन दाबायचं म्हटलं की ते शेवटचं मशीनच दिसतं.

पण पेनड्राइव्हवर जे आहे ते चोरीचंच आहे. हेही खरं.

६ नोव्हें., गुरु.

रिकव्हरीवाल्याचा फोन. इमेज लहान होती, तिने डिस्कचा सुरुवातीचा भाग पुसला. पुढचं बरंच शाबूत. फाइली निघतायत, पण नावं नाहीत. फोल्डर नाहीत. नुसते नंबर. काही अर्ध्याच उघडतात, खाली राखाडी पट्टा.

ज. सरांना सांगायला धावले. त्यांनी ऐकून घेतलं. "नाम वगर?" बस्स.

८ नोव्हें., शनि.

फाइलींचा ढीग आला. नंबर, नंबर, नंबर. मी विचारलं, सर, क्लासनंतर बसू का तुमच्याबरोबर? तुम्ही सांगा, मी नाव टाकते. ते हो म्हणाले नाहीत, पण शेजारची खुर्ची मोकळी करून दिली.

मी उघडायची, ते पाहायचे.

"आ केरीवाळी बॉर्डर. पेला मारवाडी शेठने घणी गमती'ती."

टाकलं, केरीवाली, म्हणजे कोयरीची.

"आ... आ मारी नथी. ना, छे. छे. ऊंधी छे एटले." स्क्रीनकडे मान वाकडी करून पाहत होते. मी चित्र फिरवलं. "हा! जो!" पहिल्यांदा आवाज चढला.

११ नोव्हें., मंगळ.

रोज बसतो. रोज दोघांचा चहा कांतीभाई न विचारता आणून ठेवतात. कांतीभाईंनाही वाईट वाटतंय, सीपीयू त्यांनीच लावले होते. त्यांना कोणी काही म्हटलं नाही. मीही नाही. काय म्हणणार, पूजेत काळे डबे सगळे सारखेच.

काही चित्रं सर क्षणात ओळखतात, कोणत्या मिलची, कोणत्या रंगात छापली, कोणत्या मुकादमाने नाकारली. काहींवर बराच वेळ थांबतात. त्यांच्यासाठी वेगळा फोल्डर केला, 'ओळख नाही'. तो वाढतोय. त्यात आज एक फूल गेलं, जाईचं असेल, अर्धं राखाडी. ते म्हणाले, आ तो में ज दोर्युं हशे. बीजुं कोण दोरे? स्वतःचं काढलेलं आठवत नाही याचं त्यांना जास्त लागलं, फाइल फाटल्याचं नाही.

सर्व्हरबद्दल ते एक शब्द बोलत नाहीत. मीही विचारत नाही. शनिवार जवळ येतोय. विचारलं तर वाटेल, त्याचसाठी रोज येऊन बसते. त्याचसाठी बसते का मी? नाही. पण थोडंसं तेही असेल.

१३ नोव्हें., गुरु.

नियम लिहून हसमुखभाईंना दिले, विचारलं नव्हतं तरी. प्रत्येक सीपीयूवर त्याचं नाव रंगाने. यादीत नसलेलं मशीन आधी आत जाऊन पाहायचं, कोणाचं आहे ते मोठ्याने विचारायचं, मगच नोंद. पूजेला फक्त एक सीपीयू, बाकीचे जागेवरच. शेवटचं वाचून ते म्हणाले, "लक्ष्मीजी एकथी मानशे?" मी म्हटलं, मानतील. तेवढंच धैर्य उरलं होतं.

तेव्हाच त्यांनी फोन लावला, माझ्यासमोर, स्पीकरवर. जयेशभाई, बोलो, आ सर्वर राखवो के काढवो?

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज.

"करवा दो एने. हुं बेसीश."

हसमुखभाईंनी फोन ठेवला. मी विचारलं, करू द्या म्हणाले, पण बसीन म्हणजे? ते म्हणाले, मने शुं खबर.

१५ नोव्हें., शनि.

सकाळी लवकर. प्रत्येक मशीन चालू केलं, आत गेले, पाहिलं, बंद केलं. प्रत्येकाचं नाव वाचलं, यादीशी लावलं. मग परत एकदा. मुली दाराबाहेर, नवी बॅच, नव्या वह्या, कुजबुज. भरतभाई पॅसेजमध्ये, पेनड्राइव्ह खिशात, बघायला आलेले. "चिंता ना करो मेडम, हुं छुं." छान.

बटनापाशी बोट नेलं आणि मागे घेतलं. परत नेलं.

ज. सरांच्या केबिनचं दार उघडं होतं, लॅबच्या समोरच. नवी डिस्क घातलेलं त्यांचं मशीन टेबलाखाली, त्यात आम्ही नावं दिलेलं सगळं. आणि 'ओळख नाही' सुद्धा. सर खुर्ची दारात ओढून बसले होते. हातात निळी वायर. त्यांच्या मशीनमधून काढलेली नेटवर्कची वायर, टोक मुठीत.

नजरानजर झाली. त्यांनी वायर लपवली नाही.

"कर," म्हणाले.

दाबलं.

पट्ट्या सुरू झाल्या. पहिली रांग, दुसरी. तिसऱ्या रांगेतलं शेवटचं मशीन सगळ्यांच्या मागे होतं, मी त्याच्याजवळ जाऊन उभी राहिले. मागे वळून पाहिलं नाही, पण ते पाहतायत हे मानेवर कळत होतं. भरतभाई केव्हा निघून गेले कळलं नाही.

झालं. सगळ्या स्क्रीन सारख्या.

"झालं, सर."

"बधां?"

"बधां."

त्यांनी मान हलवली. उठले नाहीत. मी मुलींना आत घेतलं, जागा दाखवल्या, माऊस कसा धरायचा ते दाखवलं. एका मुलीने पहिली रेघ ओढली, वाकडी, आणि खूप हसली. तिच्या खांद्यावरून पलीकडे केबिनचं दार दिसत होतं. सर तसेच बसलेले, वायर मांडीवर, टोक अजून मुठीत.