माझी तीन खोटी बोटं

९ नोव्हें.
दुकानात आज एक मॅडम आल्या. स्क्रीनगार्ड लावून घेतला आणि नजर माझ्या उजव्या हातावरच. बघू दे. अंगठा आणि शेजारचं बोट आहे, बाकी तिन्ही चाकणला कंपनीच्या प्रेस मशीनखाली गेली. बारकी पोरं विचारतात त्यांना सांगतो, उंदरानं खाल्ली, हात झाकून झोपत जा. मॅडमला म्हणलं, "बोटं कमी म्हणून डिस्काउंट नाय मिळणार."
हसल्या नाहीत. म्हणल्या, निगडीत जुन्या गोदामात म्यूझियम काढतोय. ज्यांचा इतिहास कुणी लिहून ठेवत नाही त्यांचं. एक खोली चाळीचाळीतल्या देवांची, पिरांची. एक मशीनीत हातपाय गेलेल्यांची. आणि एक… इथं जरा थांबल्या. मग बोलल्या, "समलिंगी, तृतीयपंथी लोकांची."
मी म्हणलं, "पहिल्या खोलीत मी बसत नाय, देव आपल्याला ओळखत नाय. बाकीच्या दोन्हीत बसतो."
तोंडातनं निघून गेलं. नशीब दुकानात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं.

१२ नोव्हें.
त्यांना हाताचा साचा पाहिजे. प्लास्टरचा. एकट्याचा नको, जो माणूस रोज तुमचा हात धरतो त्याला घेऊन या म्हणतात.
नीलेश सेकंड शिफ्ट करून आला तेव्हा सांगितलं. वाटलं आता भांडण. भात कालवत म्हणला, "फक्त हातच ना? तोंड नाही ना?"
"हातच."
"नाव?"
"तुला नको असंल तर नाही."
"मग चल की यड्या, एवढं काय."
एवढं काय. हा माणूस खोलीबाहेर माझ्याशेजारी टपरीवर चहा पीत नाही.

१६ नोव्हें.
साचा झाला. बादलीत गुलाबी लगदा, दातवाल्या डॉक्टरकडं माप घेतात तसला. मॅडम म्हणल्या, रोज धरता तसाच धरा. नि.नं विचार पण केला नाही. माझ्या बोटांची थोटकं सरळ मुठीत घेतली. थंडीत ठणकतात, म्हणून तो ती मुठीत धरून बसतो, सहा हिवाळे झाले. टीव्ही बघताना, फोनवर आईशी बोलताना. माझा अंगठा आणि एक बोट बाहेर, बाकी सगळा पंजा त्याच्या मुठीत.
बादलीत हात घालून हलायचं नाही. त्याच्या नाकाला खाज सुटली. मी म्हणलं, "मॅडम, खाजवा त्याचं नाक, इतिहासाचा प्रश्न आहे." तो असा हसला की सगळं हललं असतं.
मॅडम म्हणल्या, हा हात दोन्ही खोल्यांचा आहे, म्हणून दोन खोल्यांच्या मधल्या दारात ठेवू. मला आवडलं. आयुष्यभर आपण दारातच.
प्लास्टर तळेगावला गेलं, गणपतीवाल्या मूर्तिकाराकडं. फिनिशिंगला.

२२ नोव्हें.
नि.चं लग्न ठरलं.
कुकरची शिट्टी व्हायची वाट बघत सांगितलं. लातूरचीच आहे. "बारावी झालीये. चांगली आहे."
"मी दहावी नापास आहे. मी पण चांगला आहे."
हसला नाही. शिट्टी झाली. जेवलो.

२९ नोव्हें.
गेला. बॅग नेली, कुकर ठेवला. लग्नानंतर चाकणला कंपनीजवळ खोली घेणार, बायको घेऊन.
"मी येऊ का लग्नाला?"
"ये की. मित्र म्हणून ये."
"मग कशाला येऊ."
मोबाईल चाळला. मोबाईलचा धंदा करतो आणि आमच्या दोघांचा एक फोटो नाही. कधी काढूच दिला नाही त्यानं. आता या जगात आम्ही दोघं एकत्र आहोत ते फक्त त्या तळेगावच्या प्लास्टरमध्ये. ते नीट राहिलं पाहिजे. बाकी काय मागत नाही कुणाकडं.

१३ डिसें.
म्यूझियममध्ये हात आलेत म्हणून बघायला गेलो.
माझ्या हाताला पाच बोटं.
पहिल्यांदा वाटलं दुसऱ्या कुणाचा. पण अंगठ्यावरचा भाजल्याचा वण माझाच. नि.ची मूठ गायब. त्याची बोटं सरळ केलेली, माझी नवी तीन बोटं त्याच्या हाताला धरून. मस्त शेकहँड. दोन पाहुणे स्टँडवर भेटल्यासारखे.
मॅडमचं तोंड पांढरं. "मी आत्ताच बघतेय, सोमनाथ. मलाच कळत नाहीये."
मी म्हणलं, "कंपनीनं भरपाई दिली नाही, तुम्ही दिली."
बाहेर येऊन गाडीला किक मारता येईना. तशीच ढकलत चौकापर्यंत नेली.

१४ डिसें.
तळेगाव. मूर्तिकार काका म्हातारे, मिशीला रंग लागलेला. आता थंडीतच पुढच्या वर्षीचे गणपती सुरू. मी हात खिशात ठेवूनच विचारलं, तो हात असा का केला.
"तुटून आल्ता पोरा. तीन बोटं न्हवती. म्या म्हणलं टेम्पोत गेली आसत्याल. म्हून बसवली."
"आणि दुसऱ्याची मूठ?"
"बोटं बसवाया जागा नको का? घासली मूठ, सरळ केली. खंडित काय बी माझ्या कारखान्यातनं भायेर जात न्हाई. बापापासनं नेम हाय आमचा. खंडित मूर्ती घरात ठिवू न्हाई, दुसऱ्याला देऊ न्हाई."
मी खिशातनं हात काढला आणि त्यांच्या पाटावर ठेवला, रंगाच्या डब्याशेजारी.
काकांनी ब्रश खाली ठेवला. "आगं आई गं," एवढंच. मग माझ्यासोबत गाडीवर बसून निगडीला आले. म्हणले, मला दाव. हातासमोर उभे राहिले. पिशवीतनं छिन्नी-हातोडी काढून माझ्या हातात दिली. "तू मोड. माझ्या हातनं नीट केल्यालं मोडायचं न्हाई. मी भायेर थांबतो."
हातोडी घेऊन उभा राहिलो. बोटं लय भारी केलीत. नखं, पेरांवरच्या वळ्या. माझी खरी पण एवढी चांगली नव्हती. पण मोडून काय करू? खाली नि.ची मूठ थोडीच सापडणार. ती घासली, भुगा झाला, झाडून टाकली.
मोडली नाहीत. काका आत आले, बोटं जागेवर बघितली आणि त्यांनी त्या प्लास्टरला हात जोडले. त्यांचा काय राग करणार. खंडित माणसाचं काय करायचं ते त्यांच्या बापानं शिकवलंच नव्हतं.

१८ डिसें.
मॅडमनी बोलावलं. स्पॉन्सर कंपनीचे साहेब आले होते. सगळं फिरून आमच्या हातापाशी थांबले. खूश. "वा! कामगार आणि मॅनेजमेंट! हे एंट्रन्सला घ्या. फक्त एका हाताला शर्टाची कफ द्या, म्हणजे लोकांना समजेल."
म्हणजे नि. आता मॅनेजमेंट. कंत्राटी पोरगा, आठ वर्षांत पर्मनंट झाला नाही, इथं एका मिनिटात साहेब झाला.
मी म्हणलं, "सर, टाय पण द्या."
"हाताला टाय कसा देणार?" असं सिरीयसली विचारलं राव.
साहेब गेल्यावर मॅडम म्हणल्या, चूक माझी, तळेगावला मी स्वतः जायला पाहिजे होतं. पुन्हा साचा घेऊ. तुम्ही दोघं या. नावानिशी लावू, साहेबांशी मी भांडते. पण दोघं लागतील, सोमनाथ. नुसत्या तुमच्या सांगण्यावर मला भांडता येणार नाही.
बरोबर आहे. माझं सांगणं निम्मंच आहे.

१९ डिसें.
नि.ला फोन. लग्न होऊन आठवडा झालाय. मागं बायका हसतायत, कुणीतरी त्याला नवरदेव म्हणून हाक मारतंय. सगळं सांगितलं.
"शेकहँड? मस्त झालं की मग. कुणाला काय कळणार नाही. हिला पण दाखवता येईल."
"नील्या, तुझी बोटं घासून काढली त्यांनी."
"माझ्या हाताला आहेत की माझी बोटं. सोम्या, हे बघ, नंतर बोलू. जेवायला बसलेत सगळे."
मी पण जेवलो. कुकर त्याचाच.

४ जाने.
उद्घाटन. हार, फीत, भाषणं. मला पुढच्या रांगेत बसवलेलं, 'समाजाचा प्रतिनिधी' म्हणून. कुठल्या समाजाचा ते बोलले नाहीत. देवांची खोली भरलेली, लोक पाया पडतायत, कुणीतरी नारळ पण फोडला. हातपायवाली खोली बरी आहे. तिसऱ्या खोलीला कुलूप. 'काम पुढील टप्प्यात.' मॅडमला विचारलं, त्या म्हणल्या, "मी सोडलेलं नाहीये." डोळे लाल होते. जास्त बोललो नाही.
एंट्रन्सच्या दारातच आम्ही दोघं, प्लास्टरचे. नि.ला पांढरी कफ, बटणासकट. खाली बोर्ड: 'सहकार्यातून प्रगती. श्रम आणि व्यवस्थापन यांचे हस्तांदोलन.' लोक मध्ये हात घालून फोटो काढतायत. एका काकानं मलाच मोबाईल दिला, काढ रे एक. काढला. बरा आला.

१३ जाने.
आज काम केलं.
फ्लेक्सवाल्या अश्पाककडनं पांढरी फिल्म प्रिंट करून घेतली, म्यूझियममधल्या बोर्डाच्याच मापाची, तसलीच अक्षरं. अश्पाकनं वाचलं. दोनदा वाचलं. म्हणला, "पैसे नको. बबल येऊ देऊ नको फक्त."
बबल. मला सांगतो.
दुपारी वॉचमन डबा खायला गेल्यावर लावली. दोन बोटं आणि एक जुनं एटीएम कार्ड, झालं काम. हात फिरवून बघितला, कड पण लागत नाही. आता बोर्डावर असं आहे:
'सोमनाथ आणि नीलेश. एक खोली, चिखली. सोमनाथची तीन बोटं प्रेसमध्ये गेली. थंडीत दुखायची म्हणून नीलेश हात मुठीत धरायचा. इथं दिसतात ती तीन बोटं खोटी आहेत. कफ पण खोटी. हे शेकहँड नाही.'
नि.चं नाव टाकायला नको होतं. नाव टाकायचं नाही असं त्याला मीच बोललो होतो. टाकलं. रागात टाकलं का कशात, माहीत नाही.

२१ जाने.
आठवडा झाला. एक माणूस काय बोलंना. वाटलं होतं दंगा होईल, पेपरात येईल, मला पकडतील. काय नाही. शाळेची सहल येऊन गेली. साहेब स्वतः पाहुणे घेऊन आले, बोर्डाशेजारी उभं राहून फोटो काढला. फोटोत बोर्ड स्पष्ट वाचता येतोय, तो त्यांनी म्यूझियमच्या ग्रुपवर टाकला. खाली अंगठे, हार, 'अभिनंदन सर'.
कुणीच वाचत नाही. इतिहास लपवायला कुलूप पण लागत नाही राव. बोर्डावर लिहिला की बास.
मॅडमनी वाचलंय असा मला डाउट आहे. काल माझ्याकडं नवा स्क्रीनगार्ड लावायला आल्या. जुना चांगला होता. जाताना म्हणल्या, "बबल अजिबात येत नाही हो तुमच्या कामात."

३० जाने.
नि.चा फोन. चाकणला आले दोघं, खोली मिळाली. रविवारी निगडीला येतो म्हणला, हिला म्यूझियम दाखवतो, तू पण ये. "माझा हात आहे म्हणून सांगितलं नाही अजून. तिथं गेल्यावर सांगतो, गंमत."
मी म्हणलं, "बोर्ड वाचते का ती?"
"काय?"
"काय नाही. या."
फिल्म काढायला एक मिनिट लागतं. हेअर ड्रायर मारला की सुटते. ड्रायर दुकानातच आहे.

३१ जाने.
संध्याकाळी ड्रायर घेऊन गेलो. वॉचमन होता, ओळखतो, बोलला नाही काही. बोर्डापुढं उभा राहिलो. काढली की परत श्रम आणि व्यवस्थापन. ठेवली की नि.चं घर, ज्याला आत्ता कुठं दीड महिना झालाय. त्या पोरीनं माझं काय वाकडं केलंय?
आणि मी तरी कुणाचं केलं होतं.
ड्रायर घेऊन घरी आलो. वॉचमन म्हणला, "केस वाळवायला आल्ता का?"

१ फेब्रु.
आले. तिचं नाव रेखा. हिरवा चुडा, बारीक आवाज. मला 'भावजी' म्हणली. नि. इस्त्रीच्या शर्टात, जाड झालाय.
दारातच तो म्हणला, "ओळख बघू, हा हात कुणाचा?"
तिनं हाताकडं बघितलं नाही. आधी बोर्ड. असली माणसं असतात, मला माहीत नव्हतं. ओळीखाली बोट धरून वाचायला लागली, तोंडातल्या तोंडात. नि. अजून हसतच होता, "अगं हात बघ ना." ती वाचत राहिली. 'मुठीत'पाशी बोट थांबलं. मग शेवटपर्यंत गेली. मग पुन्हा पहिल्या ओळीवर आली, जिथं नावं आहेत.
नि.नं तेव्हा बोर्डाकडं बघितलं. त्याचा चेहरा मी इथं लिहीत नाही.
मागनं लोक येत होते. कुणीतरी म्हणलं, ताई जरा सरका, फोटो काढायचाय. ती सरकली नाही. माझ्याकडं वळली. माझा हात खिशात होता, तिनं खिशाकडंच बघितलं.
म्हणली, "अजून दुखतात का, भावजी?"
सकाळपासनं ठणकत होती. थंडीच तसली आहे.
मी नि.कडं बघितलं. तो तिच्याकडं बघत होता. ती माझ्या उत्तराची वाट बघत होती.